‘घोस्टबस्टर्स’ची पाठपरंपरा : एका विनोदी भूतकथेच्या खेळरूपाचा इतिहास

बीड येथील पाटांगणात मिळालेल्या एका पोथीच्या आधारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची आपली आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा मराठीच्या अभ्यासकांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. शके १२१२ मधील मूळ ग्रंथ, शके १५०६ मध्ये एकनाथांनी शुद्ध केलेली संहिता, आणि एकनाथपूर्व म्हणून राजवाड्यांनी पुढे केलेली ही बीडची प्रत, यांपैकी ‘ज्ञानेश्वरी’ कोणती म्हणावयाची? राजवाड्यांच्या प्रतीचे प्राचीनत्व पुढील संशोधकांनी निर्विवादपणे मान्य केले नाही. तथापि त्या वादामुळे एक गोष्ट मराठी विद्वानांच्या अंगवळणी पडली. ग्रंथ म्हणजे एक वस्तू नव्हे, तो अनेक प्रतींचा संसार असतो; प्रत्येक प्रत कोणी तरी, कोणासाठी तरी, हाताशी असलेल्या साधनांनी केलेली असते; आणि लेखनिकाची चूक हीसुद्धा इतिहासाची साक्ष असते.

पाठचिकित्सेची ही शिस्त पोथ्यांपुरतीच राखून ठेवावी असे काही कारण नाही. गेल्या चाळीस वर्षांत दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळावयाचे जे खेळ निर्माण झाले, त्यांनाही प्रती आहेत, शाखा आहेत, पाठभेद आहेत आणि अपभ्रष्ट समाप्तिलेखही आहेत. ‘घोस्टबस्टर्स’ या अमेरिकन विनोदी भूतपटाचे खेळरूप हे याचे उत्तम उदाहरण होय. विषय हलका आहे अशी शंका काही वाचकांस येईल. परंतु ज्या विद्येने बखरी, कवने, लावण्या आणि उखाणे यांना ज्ञानसाधन मानले, तिला ही शंका शोभणारी नाही.

आयव्हन राइटमन यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट ८ जून १९८४ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. कथा डॅन ॲक्रॉइड आणि हॅरॉल्ड रॅमिस यांची. दोघांनी त्यात भूमिकाही केल्या आणि तिसरी प्रमुख भूमिका बिल मरे यांनी केली. न्यूयॉर्कमधील एका विद्यापीठातून अनुदान बंद झाल्यामुळे बाहेर पडावे लागलेले तीन संशोधक भुते पकडण्याचा धंदा काढतात, एवढेच कथानकाचे बीज. (विद्यापीठीय वाचकांस त्यातील कारुण्य वेगळे सांगावयास नको.) भांडवलासाठी त्यांपैकी एकाचे वडिलोपार्जित घर गहाण पडते, अग्निशामक दलाची जुनी इमारत घेतली जाते, जुनी गाडी दुरुस्त होते, जाहिरात दिली जाते, आणि वाट पाहिल्यावर पहिले गिऱ्हाईक येते. शेवटी प्राचीन देवता, तिचे दोन द्वारपाल आणि मिठाईच्या जाहिरातीतील अक्राळविक्राळ गोरा पुतळा यांच्याशी सामना होतो. परंतु प्रेक्षकांस हसू येते ते या साऱ्या अद्भुताकडे घरातील उंदीर-झुरळांप्रमाणे पाहणाऱ्या धंदेवाईक वृत्तीमुळे.

येथे भाषेच्या दृष्टीने एक भेद लक्षात घेतला पाहिजे. मराठी लोकसमजुतीतील भूतसृष्टी ही नावांनी गजबजलेली आहे. मुंजा, समंध, हडळ, जखीण, खवीस, गिऱ्हा, वेताळ यांपैकी प्रत्येकास पूर्वचरित्र असते. मुंज झालेला पण लग्न न झालेला मुलगा मेला तर तो मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. गिऱ्ह्याचे ठाणे पाण्यात. झाडलेल्या माणसापुढे बसलेला मांत्रिक प्रथम ‘तू कोण, कुठला, तुला काय पाहिजे’ असे विचारतो, म्हणजे भूतबाधेचा उपाय हा मुळात एक संवाद असतो. ‘घोस्टबस्टर्स’मध्ये असा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. तेथील सामान्य भूत हे मोजावयाचे, हेरावयाचे आणि सापळ्यात कोंबावयाचे द्रव्य आहे. त्याला जात नाही, गाव नाही, मागणे नाही. अबोल भुताचे खेळात रूपांतर करणे सोपे असते. या चित्रपटाची खेळरूपे निघत राहिली, याच्या मुळाशी हे एक कारण असावे.

पहिल्या खेळाचा कर्ता डेव्हिड क्रेन. त्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. अटारी या कंपनीत खेळ लिहिणाऱ्या कार्यक्रमलेखकांची नावे वेष्टनावर छापण्यात येत नसत. या अनामिकतेमुळे व मोबदल्याच्या प्रश्नामुळे नाराज झालेले क्रेन व त्याचे काही सहकारी बाहेर पडले आणि १९७९ साली त्यांनी ॲक्टिव्हिजन ही संस्था काढली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी स्वतंत्रपणे खेळ रचणारी ही पहिली संस्था होय, आणि तिने कर्त्यांची नावे छापावयास आरंभ केला. १९८२ चा ‘पिटफॉल’ हा क्रेनचाच खेळ. लेखकाचे नाव मुद्रेत यावे यासाठी प्रस्थापित घर सोडणाऱ्या या माणसाच्या हातून १९८४ च्या ‘घोस्टबस्टर्स’ची आद्य प्रत तयार झाली, हे पुढे जे घडले त्या दृष्टीने स्मरणात ठेवण्याजोगे आहे.

चित्रपटाचे हक्क हाती आले तेव्हा वेळ फार थोडा होता. सुमारे सहा आठवड्यांत खेळ पुरा करावयाचा होता. क्रेनजवळ ‘कार वॉर्स’ नावाचा एक अर्धवट खेळ पडून होता. त्यात शहराचा नकाशा होता, गाडी होती आणि गाडीवर बसवावयाची साधने होती. शस्त्रांच्या जागी भुते शोषणारे यंत्र आणि सापळे आले, आणि १९८४ च्या अखेरीपर्यंत कमोडोर ६४ या गृहसंगणकासाठी व अटारीच्या संगणकासाठी खेळ बाजारात आला. म्हणजे ज्याला आपण मूळ प्रत म्हणतो तीसुद्धा एका पुसलेल्या पाटीवर लिहिलेली होती.

खेळाची रचना अशी. खेळाडूस आरंभी दहा हजार डॉलरचे भांडवल मिळते. त्यातून प्रथम गाडी घ्यावयाची. लहान गाडी दोन हजारांस, वेगवान गाडी पंधरा हजारांस, तेव्हा नवशिक्याच्या नशिबी वेगवान गाडी नाहीच. मग साहित्य : सापळे, आमिष, भुते शोधणारा मापक. शहराच्या नकाशावर एखादी इमारत तांबडी लुकलुकू लागली की तेथे जावयाचे, दोन माणसे दोहो बाजूंस उभी करावयाची, त्यांच्या किरणांत भूत सापडवून खालचा सापळा उघडावयाचा. किरण एकमेकांस छेदता कामा नयेत. इकडे शहरातील भुताटकीचा आकडा सतत चढत असतो. तो ९९९९ वर पोहोचला की हिशेब होतो. सुरुवातीच्या भांडवलापेक्षा अधिक कमाई झाली असेल तरच अंतिम इमारतीत प्रवेश. नसेल तर खेळ तेथेच संपला. अंतिम प्रसंगी त्या गोऱ्या पुतळ्याच्या उड्या चुकवून तिघांपैकी दोन माणसे दारातून आत न्यावी लागतात.

या खेळात चित्रपटातील प्रसंग जवळजवळ नाहीत. नायिका नाही, तिच्याशी चाललेली नायकाची थट्टा नाही, पर्यावरण खात्याचा तो खाष्ट अधिकारी नाही. वरवर पाहता हे अपुरे रूपांतर ठरेल. परंतु वस्तुस्थिती उलट आहे. चित्रपटाचा विनोद ज्या गाभ्यावर उभा आहे, म्हणजे कर्ज, खरेदी, बिल, खर्च भागतो की नाही याची काळजी, तो गाभाच क्रेनने उचलला. याच चित्रपटावरून पुढे निघालेल्या काही खेळांनी प्रसंग अधिक आणले आणि हिशेब सोडला. त्यांत भुते मारण्याचा व्यायाम होतो, धंदा चालविण्याची धास्ती राहत नाही. रूपांतराची निष्ठा प्रसंगांच्या संख्येवरून मोजू नये, याला हा चांगला पुरावा आहे.

आद्य प्रतीतील आणखी एक विशेष नोंदविला पाहिजे. खेळ जिंकल्यावर खेळाडूस एक खातेक्रमांक मिळे. पुढील खेपेस आपले नाव आणि तो क्रमांक दिला की मागची शिल्लक हाती येई. यंत्रास काहीच आठवत नसे. नाव आणि रक्कम यांचे गणित करून तो आकडा बनविला जाई व परत उलगडला जाई. स्मृती यंत्रात नसून कागदाच्या चिठोऱ्यावर असे. महानुभावांच्या सकळ लिपीची आठवण येथे कोणास झाली तर ती अगदीच अस्थानी म्हणता येणार नाही. दोन्हींत मजकूर सर्वांपुढे असतो, किल्ली मात्र ज्याच्यापाशी आहे त्यालाच तो उघडतो.

यानंतर शाखाविस्तार झाला. प्रथम इतर गृहसंगणक, मग दूरचित्रवाणीस जोडावयाची खेळयंत्रे, ज्यांस कन्सोल म्हणतात. १९८५ साली अटारी २६०० या जुन्या यंत्रासाठी प्रत निघाली. त्या यंत्राची चालू स्मृती अवघी १२८ बाइटांची. आजच्या संकेतपद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हास तीन बाइट लागतात हे ध्यानात घेतले, तर त्या जागेत बेचाळीस चिन्हे बसतील. बहुधा एक ओवीही मावणार नाही. त्या यंत्रावर खेळाचा सांगाडा तरी उतरला, हेच पुष्कळ. साधन बदलले की संहिता आकार बदलते, हे अंबाजोगाईकरांस नव्याने सांगण्याचे कारण नाही. दासोपंतांनी पंचीकरण सुमारे चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर लिहिले, तेव्हा त्या कापडाने त्याला जे रूप दिले ते पोथीच्या पानांनी दिले नसते.

सेगा मास्टर सिस्टिमची १९८७ ची प्रत मूळ रचनेशी बरीच प्रामाणिक आहे. सर्वांत चर्चा झाली ती मात्र जपानी शाखेची. निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी तोकुमा शोतेन या प्रकाशनगृहाने १९८६ साली आपली प्रत काढली, आणि तिच्यावरून ॲक्टिव्हिजनने १९८८ साली अमेरिकेतील निन्टेंडो यंत्रासाठी इंग्रजी प्रत काढली. अमेरिकन चित्रपट, अमेरिकन खेळ, त्याचे जपानी रूपांतर आणि त्याचे पुन्हा इंग्रजी : या वळशात संहितेवर जे संस्कार झाले ते अभ्यासण्याजोगे आहेत. गाडीला आता इंधन भरावे लागते. अंतिम इमारतीत दारातून आत शिरून भागत नाही, जिना चढावा लागतो. आणि प्रत्येक पायरीसाठी कळ पुनःपुन्हा दाबावी लागते. मजल्यामागून मजले असे चढत असता वाटेत भुतांचा स्पर्श टाळावयाचा. खेळाडूंनी या जिन्याला जे शिव्याशाप दिले ते अकारण नव्हते.

इतके कष्ट करून शिखर गाठणाऱ्यास काय लाभते? जपानी प्रतीत कार्यक्रमलेखनातील दोषामुळे समाप्तीचा मजकूर उमटतच नाही. काळ्या पडद्यावर ‘री’ या अक्षराची दोन चिन्हे तेवढी दिसतात. इंग्रजी प्रतीत मजकूर उमटतो, परंतु त्यातील अभिनंदनवाचक शब्द ‘कॉन्ग्रॅच्युलेशन’ऐवजी ‘कॉन्ग्लॅच्युरेशन’ असा पडला आहे. ‘सिद्ध केले’ या अर्थाच्या क्रियापदात एक स्वर जास्त आहे, आणि आपल्या संस्कृतीची न्याय्यता सिद्ध केल्याबद्दल खेळाडूची पाठ थोपटण्यात आली आहे. भुते पकडण्याचा धंदा करून संस्कृतीची न्याय्यता कशी सिद्ध होते, ते त्या वाक्यावरून कळत नाही.

इंग्रजी जाणणाऱ्या खेळाडूंनी या वाक्याची पुष्कळ टिंगल केली, आणि आजही ती चालू आहे. भाषाभ्यासकाने मात्र टिंगलीच्या पलीकडे जाऊन पाहावयास हवे. जपानीत र आणि ल हे भिन्न वर्ण नाहीत; दोहोंच्या मधला असा एकच द्रव वर्ण आहे. परक्या शब्दात दोन ठिकाणी द्रव वर्ण आले की कोणता कोठे लिहावा, हे कानावरून ठरत नाही. ते डोळ्यांनी पाठ करावे लागते. प्रस्तुत शब्दात लेखनिकाने दोन्ही वर्ण राखले आहेत, त्यांची जागा तेवढी बदलली आहे. म्हणजे शब्दात एक र आणि एक ल आहे हे त्यास ठाऊक होते. अज्ञानाने झालेली चूक असती तर दोन्ही ठिकाणी एकच अक्षर पडण्याचा संभव अधिक. हा शुद्ध वर्णविपर्यय होय. आपल्याकडे ‘नुकसान’चे ‘नुस्कान’ होते आणि ‘लखनौ’चे ‘नखलौ’ होते, त्याच जातीचा. आणि र-ल यांच्या सरमिसळीचे आपणांस एवढे नवल वाटावयाचे कारण काय? ‘रलयोरभेदः’ हे संस्कृत वैयाकरणांचे वचन आहे, आणि ‘हरिद्रा’पासून ‘हळद’ व ‘चत्वारिंशत्’पासून ‘चाळीस’ आपणच केले आहेत. फरक एवढाच की आपल्या शब्दांतील हा पालट शतकानुशतके पचला आणि त्यास व्युत्पत्ती हे प्रतिष्ठित नाव मिळाले. त्या बिचाऱ्या शब्दाचा पालट एका रात्रीत छापला गेला.

आपल्याकडील लेखनिक पोथीच्या शेवटी एक ठरीव श्लोक लिहीत असत. जसे पाहिले तसे उतरविले, शुद्ध असो वा अशुद्ध असो, मला दोष देऊ नये, असा त्याचा भावार्थ. पाठ मोडून, मान वाकवून, दृष्टी रोखून लिहिल्याची तक्रारही तशाच दुसऱ्या एका श्लोकात येते. हा संकेत नुसता नम्रतेचा नव्हता. नकल करणाऱ्या माणसाला परंपरेत त्यामुळे एक जागा मिळत असे. त्या इंग्रजी वाक्याच्या कर्त्याला अशी जागा मिळाली नाही. त्याचे नाव खेळात कोठे येत नाही. नावासाठी अटारी सोडणाऱ्यांनी स्थापन केलेल्या संस्थेच्याच प्रतीत हे घडले, आणि जगभर हसले गेले ते त्या एकट्याच्या वाक्यास. वाक्य तपासून पाहण्यास जी माणसे व जो वेळ लावावयास हवा होता तो ज्यांनी लावला नाही, त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही.

अनामिकतेचा हा प्रश्न खेळातील पात्रांनाही लागू आहे. चित्रपटात भूत पकडणारे चौघे आहेत. चौथा विन्स्टन झेडमोर. अर्नी हडसन या कृष्णवर्णीय नटाने ती भूमिका केली. तो संशोधक नाही. जाहिरात पाहून नियमित पगारासाठी नोकरीस आलेला माणूस आहे. चित्रीकरणापूर्वीच ही भूमिका छाटली गेली, असे हडसन यांनी पुढे अनेकदा सांगितले. क्रेनच्या खेळात माणसे तीनच. सेगा व कंपाइल यांनी मेगा ड्राइव्ह यंत्रासाठी १९९० साली जो सर्वस्वी नवा खेळ रचला, त्यात खेळाडूस तिघांपैकी एक निवडता येतो. विन्स्टन तेथेही नाही. १९८४ च्या प्रतीस घाईची सबब चालेल. १९९० साली मोठ्या डोक्यांची ती गमतीदार चित्रे नव्याने काढली जात असताना चौथे डोके काढण्यास अडचण कोणती होती, हे सांगणे कठीण. पगारी माणूस प्रतीगणिक गळत जातो, हे पाठभेदाचे साधे उदाहरण म्हणून सोडून देता येणार नाही.

मराठीत या जातीचा जो विनोदी भूतपट सर्वांच्या तोंडी आहे, तो महेश कोठारे यांचा १९९३ चा ‘झपाटलेला’. १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन भयपटावरून तो घेतला, हे प्रसिद्ध आहे. मूळातील बाजारू बाहुल्याच्या जागी येथे शब्दभ्रमकाराचा बोलका बाहुला आला. य. के. पाध्ये यांच्यापासून रामदास पाध्ये यांच्यापर्यंत आलेली बोलक्या बाहुल्यांची परंपरा मराठी प्रेक्षकांस परिचित होती. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्ये यांनीच केला. दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा नायक यांतील सारा खेळ बोलण्याचा आहे. तात्या विंचूला पूर्वचरित्र आहे, शत्रू आहेत, मागणे आहे. तो मुंजा-समंधांच्या कुळातला, बोलणारा. अशा भुताला तांबड्या लुकलुकणाऱ्या इमारतीत बसवून सापळा लावता येणार नाही. २०१३ साली त्याचा दुसरा भाग त्रिमिती चित्रपट म्हणून आला. तेव्हाही प्रेक्षक गेले ते तात्याची जीभ ऐकण्यासाठीच.

‘घोस्टबस्टर्स’च्या शाखांत बोलणारा खेळ येण्यास २००९ साल उजाडावे लागले. टर्मिनल रिॲलिटी या संस्थेने रचलेल्या त्या खेळाच्या संहितेस ॲक्रॉइड व रॅमिस यांचा हात लागला होता, आणि चौघा मूळ नटांनी आपापले आवाज दिले. विन्स्टन येथे परत आला. कथा १९९१ सालातली ठेवली आहे. ॲक्रॉइड यांनी या खेळास जवळजवळ तिसऱ्या चित्रपटाचे स्थान दिले, म्हणजे मूळ कवीनेच एका प्रक्षेपास मान्यता दिली म्हणावयाचे. प्रकाशनाची हकीकतही विलक्षण आहे. २००८ मध्ये विव्हेंडीचा खेळविभाग ॲक्टिव्हिजनमध्ये विलीन झाला, तेव्हा नव्या संस्थेने हा खेळ यादीतून वगळला. आणि तो उचलला अटारीने. १९७९ मध्ये क्रेनने जी अटारी सोडली ती आणि ही यांत नावापलीकडे फारसे काही एक नव्हते; तरी ग्रंथ ज्या घरातून निघाला त्या घराने तो टाकावा आणि ज्या घराशी भांडण झाले त्याने तो छापावा, असा प्रसंग पोथ्यांच्या इतिहासातही विरळाच. खेळाडू या खेळात स्वतः भूत पकडणारा पाचवा होतो. तो नवा उमेदवार आहे, आणि त्याला नाव दिलेले नाही.

२०१४ साली रॅमिस निवर्तले. २०१९ साली हा खेळ नव्या यंत्रांसाठी डागडुजी करून पुन्हा काढण्यात आला. चित्रे स्वच्छ झाली, गती सुधारली. परंतु अनेक खेळाडूंनी मिळून खेळावयाचा भाग या शुद्ध आवृत्तीत आला नाही. तो पाहावयाचा असेल तर २००९ च्या प्रतीकडेच जावे लागते, आणि तीही त्या काळच्या ठरावीक यंत्रांवरची.